दुसऱ्या चुलीवरची भज्जी

आमच्या घरी संध्याकाळच्या जेवणापूर्वी प्रत्येकाने एक उपकार सांगायचा असे. उपकार देवाचा. तो त्याच दिवशीचा हवा, स्वतः पाहिलेला, ऐकलेला किंवा चाखलेला हवा, आणि आधी कोणी सांगून टाकला असेल तर दुसरा शोधायचा, असे बाबांचे नियम होते. आरोग्य दिलेस, अन्नवस्त्र दिलेस, अशी घाऊक प्रार्थना त्यांना चालत नसे. ते बेंबळीच्या शाळेत गुरुजी होते आणि मोघम उत्तराला तिथेही गुण देत नसत. आई गावच्या दवाखान्यात नर्स होती. ती बहुधा एखाद्या बाळंतिणीचा उतरलेला ताप सांगे. धाकटा भाऊ गूळ सांगे. गूळ त्याने त्या दिवशी खरोखरच खाल्लेला असल्यामुळे त्याला अडवायला नियमात जागा नव्हती.

मला मात्र त्या एका वाक्याची चिंता सकाळपासून लागे. विहिरीत घागर बुडताना पाणी आधी नकार दिल्यासारखे गुडगुडते आणि मग एकदम आत शिरते, ते मी सांगितले होते. उन्हाने तापलेली तुरीची शेंग तडकते तेव्हा कोणी चुटकी वाजवावी तसा आवाज होतो, तो सांगितला होता. जवसाची निळी फुले दुपारपर्यंत गळून जातात आणि दुसऱ्या सकाळी शेत पुन्हा तितकेच निळे असते, हे मी सांगितले तेव्हा बाबांनी मिटल्या डोळ्यांनीच मान हलवली. ती मान हललेली पाहिली, म्हणजे प्रार्थनेत मिटलेले हवेत ते माझे डोळे उघडे होते. तिथूनच माझ्या मनात गोंधळ सुरू झाला असावा. फूल आवडले म्हणून मी देवाचे आभार मानत होते, की संध्याकाळी काहीतरी सांगायचे आहे म्हणून फुलाकडे पाहत होते? आणि दुसरे खरे असेल, तर ती कृतज्ञता कोणाच्या खाती जाणार, देवाच्या की माझ्या? विचारायला गेले असते तर बाबांनी उत्तर दिले असते. त्या काळी त्यांच्यापाशी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर असे, म्हणूनच मी विचारले नाही.

बेंबळीत ख्रिस्ती घर आमचे एकटेच. नाताळला आणि हंगामाच्या उपकारस्तुतीला आम्ही धाराशिवमार्गे एसटीने दूरच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, जात असू. एरवी आमची मंडळी म्हणजे चटईवरचे चौघे. शेजारी एक शेतकरी कुटुंब राहत होते. त्यांची आणि आमची मधली भिंत एकच होती, आणि त्या भिंतीपलीकडचे उखळ कांडू लागले की आमच्या फडताळातल्या बश्या किणकिणत. त्या घरात काका, काकू आणि माझ्याच वयाची त्यांची मुलगी, माझी मैत्रीण. निजामी जाऊन काही वर्षे झाली होती, शाळेवरची उर्दू पाटी उतरून मराठी लागली होती, तरी काका शाळेला मदरसाच म्हणत.

एका हिवाळ्यात काकूंनी सुपात हुरडा पाठवला. कोवळ्या दाण्यांना राखेचा आणि दुधाचा असा मिळून एक वास होता. संध्याकाळी मी सांगितले, "काकूंनी दिलेल्या हुरड्याबद्दल उपकार." बाबा म्हणाले, "काकूंचे काकूंना सांगावे. इथे देवाचे." मला ते पटले. दुसऱ्या दिवशी मी भिंतीपलीकडे गेले. काकू शेणाने अंगण सारवत होत्या.

"काकू, हुरड्याबद्दल तुमचे उपकार झाले."

त्यांचा हात थांबला. "काय झालं म्हनलीस?"

"उपकार."

"आगं, उपकार परक्याचे असत्यात. म्या तुजी कोन हाय?" त्या खरोखर रागावल्या होत्या. अंगणाचा राहिलेला तुकडा त्यांनी माझ्याकडे पाठ करून सारवला. संध्याकाळी मैत्रीण निरोप घेऊन आली: "आई म्हनती, पुन्यांदा असलं बोलली तर हुरडा बंद."

तेव्हा मी तिथेही अडकले. जो शब्द देवापुढे रोज ठेवायचा, तोच काकूंपुढे ठेवला की त्यांना दुखवतो. मग काकूंना कोण सांगणार, आणि कोणत्या शब्दाने?

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात येळवस असते. त्या दिवशी गाव ओस पडते आणि सगळी माणसे आपापल्या शेतात जेवतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेजारी घेऊन जातात. कोणी घरी राहिले तर त्यात शेजाऱ्याचा कमीपणा. शेतात कडब्याची लहानशी कोप उभारतात, तीत पाच दगड मांडून त्यांना पांडव म्हणतात, आणि आधी त्यांना नैवेद्य दाखवतात. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे, तूर, हरभरा, वाल, वाटाणा असे ओले दाणे घालून चिंच आणि बेसन लावून केलेली घट्ट भज्जी, आणि मातीच्या बिंदग्यात काही दिवस आंबवलेली ज्वारीची आंबील. ही सगळी चव मला आजही ओळीने आठवते.

आम्ही बेंबळीला आलो त्या वर्षी काकूंनी आम्हाला बोलावले तेव्हा बाबा दारातच जरा घुटमळले होते. बाबांच्या आजोबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केल्यानंतर गावजत्रेतला प्रसादाचा घास नाकारला होता आणि त्या एका घासापायी त्यांना घरदार सोडून निघावे लागले होते. तेव्हापासून आमच्या घराण्यात एक गोष्ट पक्की होती. कोणाच्या देवाला नावे ठेवायची नाहीत, आणि त्याच्यापुढे ठेवलेले अन्न खायचे नाही. बाबा म्हणाले, "वहिनी, आम्ही आनंदाने येऊ. फक्त निवद दाखवण्याआधीचं काही असेल, तर ते आमच्या ताटात वाढा."

काकूंनी क्षणभर विचार केला. "हाय की. त्यात काय."

त्यानंतर दर वर्षी आम्ही गेलो. एकाच पंगतीत बसलो, बाबांनी उभे राहून अन्नाबद्दल देवाचे आभार मानले, काका तेवढा वेळ टोपी हातात घेऊन थांबले, आणि आमच्या ताटांत आमच्यासाठी आणलेल्या भांड्यातले वाढले गेले. मी धरून चालले होते की नैवेद्यापूर्वी थोडे काढून ठेवतात, तेच हे भांडे.

सहाव्या वर्षी, येळवस आठवड्यावर आली असताना, गजग्यांच्या, म्हणजे सागरगोट्यांच्या, डावात माझे आणि मैत्रिणीचे भांडण झाले. चूक माझीच होती. पाचवा गजगा मी जमिनीवरून उचलला होता आणि झेलला म्हणून सांगत होते.

"लबाड हायेस," ती म्हणाली. "आन् तुमच्यापायी माजी आई दोनदा रांधती!"

"कोण दोनदा रांधतं?"

"येळवसाला. दोन बिंदगी, दोन चुली. पांडवांचं येगळं आन् तुमचं येगळं. पहाटं उठती ती तुमच्यापायी."

"आमचं तर आधी काढून ठेवतात."

ती माझ्याकडे लहान मुलीकडे पाहावे तशी पाहू लागली. "आधी काढलं की उष्टं व्हतंय. उष्ट्याचा निवद दावतेत व्हय कुटं?"

वेगळे भांडे हे शब्द ऐकताच माझ्या मनात जे उठले ते मला लपवता येणार नाही. आई ज्या घरांत बाळंतपणे करायला जाई, त्यांतल्या काही घरांत तिच्यासाठी कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला असे. मूल तिच्या हातात जन्मे आणि चहा त्या कपात येई. वेगळ्या भांड्याचा अर्थ मी तिथे शिकले होते. काकूंच्या दुसऱ्या चुलीचा अर्थ अगदी उलटा होता, ती आम्ही मागितली म्हणून पेटत होती. तरीही दोन्ही अर्थ माझ्या मनात काही वेळ एकमेकांत मिसळून राहिले आणि मला रडू आले. मैत्रिणीला वाटले मी गजग्यासाठी रडते आहे. तिने तो डाव मला देऊन टाकला.

दोन दिवसांनी काकू कुंभाराकडे आंबिलीसाठी बिंदगे घ्यायला निघाल्या आणि मी त्यांच्याबरोबर गेले. ओल्या मातीचा, तुसाचा आणि आव्यातल्या धुराचा वास होता. काकू प्रत्येक बिंदगे कानाशी धरून बोटाच्या पेराने वाजवत आणि आवाज ऐकत. एक पसंत पडले. त्यांनी दुसऱ्याकडे हात नेला, आणि मी बोलून गेले.

"काकू, एकच घ्या."

"कामून?"

"बाबा म्हणाले, यंदा वेगळं नको. तुमच्यातलंच खाऊ."

"गुरुजी म्हनले?"

"हो."

"सवताहून?"

"हो."

काकूंनी दुसरे बिंदगे हळूच खाली ठेवले. मला त्यांचे कष्ट वाचवायचे होते, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव शोधत होते. पण तिथे सुटका नव्हती. घरी बऱ्याच दिवसांनी कोणी माणूस आल्यासारखा तो चेहरा झाला होता. त्यांनी पदराने तोंड पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि परतीच्या वाटेवर गाणे गुणगुणत चालल्या. मी जे द्यायला गेले ते त्यांनी घेतलेच नव्हते. जे दिले नव्हते ते त्या घेऊन चालल्या होत्या.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. बाबांना सांगावे, तर ते काकूंकडे जाऊन स्पष्ट करतील आणि तो चेहरा मावळेल. न सांगावे, तर बाबा नकळत तो घास खातील, ज्याच्यासाठी त्यांच्या आजोबांनी गाव सोडले होते. आणि नंतर कळले तर ते पुन्हा त्या शेतात पाऊल ठेवतील की नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील की नाही? त्या दिवसांत मला शेत दिसत होते आणि दिसत नव्हते. करडईला काटे फुटले होते, हरभऱ्याच्या पानांवरची आंब सकाळी बोटांना चिकटत होती. पण संध्याकाळी सांगायला माझ्यापाशी काहीच नसे. एकदा मी गूळ सांगितला. भाऊ भोकाड पसरून रडला, कारण त्याची पाळी माझ्यानंतर होती.

येळवसेच्या दिवशी आकाश इतके स्वच्छ होते की त्याची भीती वाटावी. काकू डोक्यावर बिंदगे घेऊन पुढे, मागे काका, त्यांच्यामागे आम्ही. बांधावरची वाट अरुंद होती, दोन्ही बाजूंनी ज्वारी माणसापेक्षा उंच, आणि कणसांचे ओझे झाल्यामुळे ती वाऱ्याबरोबर थोडी उशिरा हलत होती. कोपीपाशी कडब्याचा गोडसर वास होता. काकूंनी पाच दगडांपुढे उंडे, भज्जी, आंबील मांडली. काकांनी आंबील शेतभर शिंपडली आणि शिंपडताना त्या दिवसाची ठरलेली कानडी वळणाची आरोळी दिली, जिचा अर्थ काकांनाही ठाऊक नव्हता, विचारले की ते म्हणत, "रानाला कळतंय." बाबा आणि आई नेहमीप्रमाणे थोड्या अंतरावर, तुरीच्या ओळीपाशी उभे होते. काय शिजले, कुठून आणले, याकडे त्यांचे लक्ष नव्हते. लक्ष देणे त्यांना असभ्य वाटले असते.

मग पंगत बसली. बाबा उभे राहिले, त्यांनी हात जोडले आणि या शेताबद्दल, या हातांबद्दल, या अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. त्यांच्या प्रार्थनेत त्या दिवशी एकही मोघम शब्द नव्हता. मी माझ्या ताटातल्या भज्जीकडे पाहत होते. एका ओल्या हरभऱ्यावर तेलाचा ठिपका होता आणि त्यात सूर्य होता.

बाबांनी पहिला घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग काकांनी उंडा ताटात ठेवला.

"ही भज्जी हाय का मिठागर?" ते म्हणाले. "कारभारनीनं समदं पोतं वतलंय वाटतं."

"मग काय करू?" काकू वाढता वाढताच म्हणाल्या. "निवदाचं चाखता येतंय व्हय? दरसाली गुरुजींच्या भांड्यातलं पोरीला चाखाया लावीत हुते आन् त्या बेतानं ह्यात मीठ टाकीत हुते. यंदा गुरुजीच म्हनले, येगळं नगं, तुमच्यातलंच खाऊ. एकच भांडं. मग चाखू कशातलं?" आणि बाबांकडे वळून त्या हसल्या. "खारट झालं, गुरुजी. पर तुमी आमच्या निवदाचं खाल्लं, लई बरं वाटलं बगा."

बाबांचा हात ताटात होता. तो तिथेच राहिला. आईने तोंडातला घास सावकाश चावून गिळला आणि माझ्याकडे एकदाच पाहिले. तिला सगळे कळले होते. बायकांच्या तोंडून अर्धवट ऐकून पूर्ण रोग ओळखण्याचा तिचा धंदाच होता. "वहिनी, मला आंबील वाढा," ती म्हणाली. "खारटपणा उतरेल."

बाबा उठले. "आलोच," म्हणाले आणि ज्वारीच्या कडेने चालू लागले. मी त्यांच्यामागे गेले. कोणी मला पाठवले नव्हते.

बऱ्याच अंतरावर बांध होता. तिथे ते थांबले.

"तू सांगितलंस?"

"हो."

"माझ्या नावानं?"

"हो. काकू दोनदा रांधतात, बाबा. दोन चुलींवर. आधी काढलं तर त्यांचं उष्टं होतं."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

ते बांधावर बसले. त्यांच्या धोतराला आघाडा चिकटला होता आणि ते त्याचे एकेक कुसळ काढू लागले. मला वाटत होते, ते रागावतील, आणि ते रागावले असते तर बरे झाले असते.

"याबद्दल आपल्या शास्त्रात सांगितलेलं आहे," ते शेवटी म्हणाले. "पुढं आलेलं अन्न चौकशी न करता खावं. पण हे नैवेद्याचं आहे असं कोणी सांगितलं, तर सांगणाऱ्याकरता थांबावं. अगदी स्पष्ट आहे. मी दोन घास खाल्ले, मग वहिनींनी सांगितलं. आता थांबायचं." त्यांनी आघाड्याचे एक कुसळ बोटावर घेऊन पाहिले. "सांगणाऱ्याकरता. आणि सांगणारी तिथं बसली आहे, हसते आहे. तिच्याकरता थांबायचं म्हणजे तिचं काय भलं करायचं?"

मी वाकून त्यांच्या धोतरावरची राहिलेली कुसळे काढू लागले.

"खोटं बोललीस त्याचं आपण घरी पाहू," ते म्हणाले. "आता मी काय करू ते सांग."

काय करावे हे त्यांनी मला विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. उत्तर मला येत नव्हते, आणि त्यांनाही येत नव्हते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. ज्वारीत कुठेतरी पाखरांचा थवा बसला होता. सगळी कणसे एकदम कुरकुरत होती. बाबा तो आवाज ऐकत असावेत, किंवा काहीच ऐकत नसावेत. मग ते उठले आणि कोपीकडे परत निघाले.

ताटावर बसून ते म्हणाले, "वहिनी, मी तसं म्हणालो नव्हतो. पोरीनं आपल्या मनानं सांगितलं. तुमचे कष्ट वाचावेत म्हणून."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. तो कुंभाराकडचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरला. त्या पुढे वाकल्या आणि बाबांच्या ताटाला हात घातला. "मग ऱ्हाऊ द्या, गुरुजी. तुमचा नेम हाय. द्या ताट हिकडं, गूळ-शेंगा देते."

बाबांनी ताटाची दुसरी कड धरली होती. एक पितळी ताट आणि त्यावर दोन माणसांचे दोन हात, आणि कोणीच ओढत नव्हते.

"राहू द्या, वहिनी," बाबा म्हणाले.

काकूंनी हात काढला. बाबांनी उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. ते ताट स्वच्छ होईपर्यंत खात होते आणि सगळे ते पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले होते. पण भज्जी खरोखरच फार खारट होती, त्यामुळे त्यावरून मला काही ठरवता आले नाही.

घरी मला मार बसला नाही. मी स्वतः जाऊन काकूंना खरे सांगावे, एवढीच शिक्षा झाली. मी गेले. काकू शेंगा फोडत होत्या.

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. "गुरुजी सवताहून म्हनले म्हनलीस, तवाच पाल चुकचुकली."

"मग एकच बिंदगं का घेतलंत?"

त्यांनी दोन-तीन शेंगा फोडल्या. "खरं असावं असं वाटलं, म्हनून."

मोठेपणी, शिकून नोकरीला लागल्यावर, मी बाबांना एकदा विचारले की त्या दिवशी तुम्ही का खाल्लेत. ते म्हणाले, बरोबर केले की नाही याचा निर्णय आपल्याला अजून करता आलेला नाही. त्यांच्या आजोबांनी घास नाकारला तेव्हा नाकारण्याला किंमत होती, हे त्यांना ठाऊक होते. आपण घेतला तेव्हा घेण्याला काय किंमत होती हे त्यांना कळत नव्हते. त्यांनी त्याबद्दल देवाची क्षमाही मागितली होती आणि आभारही मानले होते, आणि या दोहोंपैकी कोणते ऐकले गेले असेल हे त्यांना सांगता येत नव्हते.

पुढच्या वर्षी येळवस आली तोवर मैत्रिणीचे लग्न होऊन ती माकणीला गेली होती. तिच्याशिवाय काकूंचे अंगण मोठे दिसू लागले होते. येळवसेआधी बाबा शेजारी गेले. मी त्यांच्याबरोबर होते.

"वहिनी, यंदा आम्ही घरून जेवून येऊ," ते म्हणाले. "दुसरी चूल पेटवू नका. मला आधी हे माहीत नव्हतं."

"येळवसाला कोन जेवून येतंय?" काकू म्हणाल्या. "गाव हसंल मला. आन् दुसरं भांडं तुमच्यासाठी न्हायच, गुरुजी. मलाच लागतंय. त्यातलं चाखल्याबिगर निवदाचं मीठ मला गावत न्हाय, बगितलं न्हाय का? तुमच्यामुळं आमच्या पांडवांना दरसाली बेताचं मीठ मिळतंय."

त्या हे अगदी गंभीर चेहऱ्याने बोलल्या. बाबा म्हणाले, "बरं." मला ते त्या क्षणी सरळ खरे वाटले. आम्ही बेंबळीला येण्यापूर्वी काकूंचा संसार होताच, येळवसही होती, आणि मीठही पडत होते. हा विचार मनात यायला मला कित्येक वर्षे लागली. तेव्हा त्या बोलल्या ते बाबांचे मन हलके करायला, की आम्ही आल्यापासून त्यांना खरोखरच तशी सवय लागली होती, हे मी आजही सांगू शकत नाही. विचारले असते तर हुरडा बंद झाला असता.

त्या येळवसेला मी पहाटेच काकूंच्या अंगणात गेले. थंडीने बोटे वळत नव्हती. एक चूल घरात पेटली होती, दुसरी अंगणात तीन दगडांवर. मी दुसरीपुढे बसले, तुराट्या आत सारल्या, फुंकणीने फुंकले. धूर आधी जमिनीलगत पसरला, मग उठून भिंतीवरून आमच्या घराकडे गेला. आभाळ राखी होते, पूर्वेकडे जरा पिवळे. चिंच भज्जीत पडली आणि तो आंबट वाफेचा वास एकदम नाकात शिरला. हे सगळे मी साठवून ठेवत नव्हते. संध्याकाळचे मला आठवलेही नाही. जाळ विझू द्यायचा नव्हता, एवढेच डोक्यात होते.

काकू घरातून आल्या. त्यांनी डावाने माझ्यापुढच्या भांड्यातली थोडी भज्जी घेतली आणि माझ्या तळहातावर टाकली.

"मीठ बग."

हे काम मैत्रिणीचे होते. तिने जिभेच्या टोकाला लावून तिथल्या तिथे सांगितले असते. मी सगळी तोंडात घातली. वाल आला, तूर आली, चिंच आली, धूर आला. मीठ कुठे आहे ते सापडेना. आधी पुरेसे वाटले, मग कमी वाटले.

"अजून थोडी द्या, काकू."

"मिठाचं सांग म्हनलं, पोटाचं न्हाय." तरी त्यांनी दुसऱ्यांदा दिली. "सांग लवकर. आतलं उतराया आलंय."

मी डोळे मिटून चाखले. तरीही नीट कळले नाही. आत पांडवांचे भांडे खदखदत होते आणि काकू माझ्या तोंडाकडे पाहत उभ्या होत्या.

"चिमूटभर कमी आहे," मी म्हणाले.

"व्हय?" म्हणून काकू आत गेल्या, आणि त्यांनी नैवेद्याच्या भज्जीत चिमूटभर मीठ वाढवले.